व्हरांड्यातला विद्यार्थी

आमचे भूगोलाचे सर वर्गात कधी समोर उभे राहिले नाहीत. आत यायचं, हजेरी घ्यायची, भिंतीवर नकाशा टांगायचा आणि बाकांच्या मधून चालत सगळ्यात मागे जाऊन उभं राहायचं, ते तास संपेपर्यंत. त्यांचा आवाज आमच्या पाठीमागून यायचा. पहिल्या दिवशी आम्ही सगळे माना वळवून मागे बघत होतो आणि ते पुन्हापुन्हा नकाशाकडे बोट करत होते. "उधर देखो. मुझे देखकर क्या मिलेगा?" असं म्हणायचे. दोन वर्षं मी त्यांच्या तासाला बसले, पण वर्गातला त्यांचा चेहरा मला आठवत नाही. आवाज आठवतो, आणि मधूनच शेंगा सोलल्यासारखा एक आवाज आठवतो. ते खिशातले दगड बोटांनी फिरवत असत.

बालाघाटचं आमचं कॉलेज तेव्हा लहान होतं. कौलारू इमारत, पुढे लांब व्हरांडा, मागे चिंचेची झाडं. राज्याची फेरमांडणी होऊन चारपाच वर्षं झाली असतील. नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. माझे बाबा कलेक्टर कचेरीत होते. त्यांचं सगळं आयुष्य इंग्रजीत टिपणं लिहिण्यात आणि मराठीत बोलण्यात गेलं होतं. आता संध्याकाळी ते हिंदी व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसत. घरी आम्ही मराठी बोलायचो, ओट्यावरून खाली उतरलं की हिंदी. कोणाशी कोणत्या भाषेत सुरुवात करावी हे आधी माणूस पाहून ठरवावं लागे.

सर या बाबतीत अगदी उलटे वागायचे. त्यांच्याशी कोणी मराठीत बोललं तर ते हिंदीत उत्तर देत, आणि हिंदीत बोललं तर मराठीत. प्राचार्य जबलपूरकडचे होते, त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नसे. ते बिचारे हिंदीत विचारायचे आणि सर मराठीत सांगायचे. मग चपराशाला बोलावून अर्थ लावून घ्यायचा. एकदा बाबांना सर बाजारात भेटले. बाबा घरी आले ते डोकं खाजवतच.

"मी विचारलं, सर, आमची पोरगी बरोबर शिकून राह्यली न? तर ते हिंदीत सांगाले लागले. मी म्हटलं, त्याहिले मराठी येत नसन, म्हणून मी हिंदीवर आलो. तर ते मराठीवर गेले. मी मराठीवर आलो, का ते परत हिंदीवर. कोणत्या भाषेत बोलणं झालं तेच मले समजलं नाही."

"पण काय म्हणाले?" आईने विचारलं.

"ते बी समजलं नाही," बाबा म्हणाले.

याचं कारण सरांना कोणी विचारलं तर ते म्हणत, "जिसको जो नहीं आती, वो सुने." पण त्यांची स्वतःची भाषा कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यांचं हिंदी चांगलं होतं, पण इकडचं नव्हतं. मराठी त्यांना भराभर बोलता येई, पण लिंगांचा सगळा गोंधळ. "माझा छत्री", "ती पाणी", "तो खुर्ची". यावरून कोणी म्हणे हा हिंदीवाला. तर हिंदी शिकवणारे म्हणत, हिंदीवाला अशा चुका करत नाही, हा कोणी तिसराच आहे. गाव विचारलं तर बाबांना त्यांनी भंडाऱ्याकडचं सांगितलं होतं, प्राचार्यांना रायपूरकडचं, आणि पानठेल्यावर खंडव्याकडचं. ते खोटं बोलतात असं कोणाला वाटत नसे. वाटे की त्यांचंच काही नक्की नाही.

आम्हाला ते नावानं हाक मारत नसत, गावावरून मारत. "परसवाडा, खिडकी लाव. उकवा, झोप आली का?" मी बालाघाटचीच, पण पहिल्या दिवशी मूळ गाव विचारलं तेव्हा मी आजोबांचं गाव सांगितलं आणि कायमची "तुमसर" झाले. "तुमसर तो अब दूसरे प्रदेश में है," ते म्हणाले. "तुम परदेसी हो. बैठो." माझी मैत्रीण वारासिवनीच्या राईसमिलवाल्यांची मुलगी. तिचं नाव अर्थातच वारासिवनी. कॉलेजात आम्ही मुली चारच. आमची खरी नावं कित्येक मुलांना शेवटपर्यंत कळली नाहीत, ती सरांच्या या सवयीमुळे.

लग्नाला त्यांना बोलावलं की ते मॅंगनीजचा दगड घेऊन जात. उकव्याच्या खाणीकडची मुलं त्यांना आणून देत. चांगला दोन मुठींएवढा, काळा, जड, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. नवरीच्या हातात तो पडला की मेंदीवर काळं लागायचं आणि नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायची. दगड कशासाठी, असं विचारायची हिंमत कोणाची झाली नाही. आमच्या गल्लीत अजून दोनतीन घरांत तो असेल. एका घरी तर तो लोणच्याच्या बरणीवर दाबून ठेवत.

असे हे सर एकदम विद्यार्थी झाले, ते मराठीच्या बाईंमुळे. म्हणजे तसं लोक म्हणतात. मला आजही तसं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

बाई नागपूरहून आल्या होत्या. पंचविशीच्या असतील. वडील गेलेले, धाकटी भावंडं शिकत होती. इथे दूरच्या मामांकडे राहत. आवाज लहान, पण शिकवायला लागल्या की व्हरांड्यातून जाणारा माणूस थांबे. मराठी हा विषय तेव्हा कॉलेजात होता, पण घेणारं कोणी नव्हतं. नोकऱ्या हिंदीत, परीक्षा हिंदीत, मग मराठी घेऊन करायचं काय? माझ्या बाबांचंही तेच होतं.

"तुले मराठी घेऊन काय करायचं आहे? घरी बोलतच असतो न आपण."

"मले आवडते," मी म्हटलं.

"काहून आवडते?"

आईने मध्ये पडून म्हटलं की पोरगी एवढं म्हणते आहे तर घेऊ द्या. मी घेतली, माझ्या नादाने वारासिवनीने घेतली, आणि परसवाडा व कटंगी अशी दोन मुलं. आम्ही चौघं. प्राचार्यांनी सांगितलं की पाच तरी पाहिजेत, नाहीतर महिनाअखेर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे बाईंची जागाही बंद.

आम्ही चौघांनी जमेल त्याला विचारून पाहिलं. पाचवा मिळेना. तास संपल्यावर बाई पुस्तकं फार सावकाश आवरत.

मग एका सकाळी बाईंच्या तासाला सर आत आले. नेहमीसारखे बाकांमधून चालत मागे गेले. आम्हाला वाटलं, नकाशा विसरला असेल. ते शेवटच्या बाकावर बसले आणि वही उघडली.

"सर, काही काम होतं?" बाईंनी विचारलं.

"मेरा नाम है इस क्लास में," सर म्हणाले.

नियमात अशी सोय होती की पदवी झालेल्या माणसाला एखादा जादा विषय घेऊन परीक्षेला बसता येतं. ती कोणासाठी ठेवली होती देव जाणे. सरांनी तो नियम काढून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला होता. प्राचार्य म्हणाले होते, "मगर आप तो यहाँ प्रोफेसर हैं." सर मराठीत म्हणाले, "प्राध्यापकानं शिकू नये असं कुठं लिहिलंय ते दाखवा." चपराशानं अर्थ सांगितला. प्राचार्यांनी पुस्तक दोनदा चाळलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी हजेरीपट उघडून नाव पाहिलं. सर वयानं त्यांच्या दुप्पट. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण या वर्गात मराठीतच बोलायचं."

"बरा," सर म्हणाले.

"बरं," बाई म्हणाल्या.

"बरं," सर म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं.

विद्यार्थी म्हणून सर फार त्रासदायक होते. कवितेतली नदी कोणत्या दिशेला वाहते हे त्यांना आधी पाहिजे असे. नायिका माहेरी दिवसभर चालत गेली म्हटलं की ते विचारत, वाटेत डोंगर होता का. बाई आधी घाबरून उत्तरं देत, पुढे चिडून, आणि नंतर नंतर त्या सरांना उलटा प्रश्न करू लागल्या. ते दोघं भांडायला लागले की आम्ही चौघं हात बांधून ऐकत बसायचो. मी मराठी जे काही शिकले ते त्या भांडणांतून.

पण गावात कुजबुज सुरू झाली. पन्नाशीचा एकटा माणूस, आणि पंचविशीची मुलगी. एकदा तासाला आत आलो तर फळ्यावर चित्र काढलेलं. वाकड्या दांड्याच्या छत्रीखाली एक पुरुष आणि एक बाई (सरांच्या हातात बारा महिने छत्री असे), आणि खाली हिंदीत दोन शब्द, ते मी इथे लिहीत नाही. वारासिवनी पुसायला धावली, पण बाई तोवर दारात आल्या होत्या. त्यांच्यामागून सर आले. सरांनी चष्मा पुसून ते चित्र नीट पाहिलं.

"तो छत्री माझा नाही," ते म्हणाले. "माझा दांडा सरळ आहे."

बाईंनी त्या दिवशी ते लिंग सुधारलं नाही. त्यांनी फळा पुसला, हात झटकले आणि तास न घेताच निघून गेल्या. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. घंटा होईपर्यंत ते तिथे बसून होते. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, की कळून त्यांनी तसं केलं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "हिला थोडा वेळ माझ्याबरोबर पाठवता का? एकटीनं जाणं बरं दिसणार नाही." आम्ही दोघी सरांच्या घरी गेलो. स्टेशनच्या बाजूला त्यांची एक खोली होती. आत एक खाट, आणि बाकी सगळे दगड. खिडकीत दगड, पुस्तकांवर दगड, पाण्याच्या माठाखाली दगड. सरांनी आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. पितळी ताटलीत मुरमुरे समोर ठेवले.

"सर, तुम्ही उद्यापासून माझ्या वर्गात येऊ नका," बाई म्हणाल्या.

"फिर चार रह जायेंगे."

"राहू देत."

"क्लास बंद हो जायेगी."

"होऊ दे बंद. मामा म्हणतात, सामान बांध आणि नागपूरला जा. मामींना बायका विहिरीवर विचारतात. तुम्हाला कोणी काही विचारत नाही, सर. मला विचारतात."

सर खाली बघत होते. मग ते बोलले, आणि मराठीत बोलले. वर्गाबाहेर मराठीला मराठीत उत्तर देताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकत होते.

"म्हणजे मी खोलीत आहे, हे वाईट आहे?"

"तुम्ही वाईट नाही, सर. लोकांना ते वाईट दिसतं."

"खोलीत," सर पुन्हा म्हणाले.

"हो."

"बरं," ते म्हणाले.

परत येताना बाई रस्ताभर रडत होत्या. वर्ग गेला, असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या, हजेरीपट काढला, आणि सरांचं नाव गाळून पुढे जाणार तोच खिडकीतून आवाज आला, "हजर."

सर व्हरांड्यात होते. खिडकीला लागून त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, मांडीवर वही, शेजारी छत्री. व्हरांडा उघडा. समोरून प्राचार्य जात होते, चपराशी जात होते, हिंदीच्या वर्गातली मुलं जात होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सर मराठी शिकत होते.

"सर, हे काय?" बाई म्हणाल्या.

"मी खोलीत नाही," सर म्हणाले.

पहिले काही दिवस सगळं कॉलेज बघायला आलं. मुलं मुद्दाम समोरून चकरा मारत. सर प्रत्येकाला थांबवून विचारत, "ए उकवा, 'वेलांटी' पहिली की दुसरी?" आणि आलेल्याला उत्तर आलं नाही की आत बाईंना विचारत. हळूहळू लोक समोरून जायचे बंद झाले. कुजबुजायला काही उरलंच नव्हतं. बाईंच्या मामांनी एकदा येऊन हा प्रकार स्वतः पाहिला. ते कोपऱ्यावर उभे राहिले, थोडा वेळ ऐकलं, आणि परत गेले. सामान बांधायचं पुन्हा कोणी काढलं नाही.

थंडी पडली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी हात शालीबाहेर काढवत नाहीत. सर डोक्याला मफलर गुंडाळून व्हरांड्यातच. पुढे उन्हाळा लागला तेव्हा छत्री उघडून बसत. बाई एकदा म्हणाल्या, "सर, आता आत बसा, कोणी काही म्हणणार नाही." सर म्हणाले, "इथं बरं आहे. दोन्हीकडचं दिसतं." बाई आता शिकवताना खिडकीजवळ उभ्या राहू लागल्या होत्या, कारण वाद तिकडेच असे.

वर्षाची परीक्षा कॉलेजातच होई आणि पेपरही इथेच तपासत. पण सरांचा पेपर प्राचार्यांनी मुद्दाम बाहेरगावच्या परीक्षकाकडे पाठवला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. सर परीक्षेला आमच्यातच बसले. शिरोरेघ न देता लिहायची त्यांची सवय होती, अक्षरं तारेवरून खाली पडल्यासारखी. निकाल लागला. आम्ही चौघं पास, आणि सर नापास.

सगळ्या गावानं एकच अर्थ काढला. पुढच्या वर्षीही पाच भरायला पाहिजेत म्हणून हा माणूस मुद्दाम नापास झाला. माझे बाबासुद्धा म्हणाले, "मोठा माणूस आहे. कोण करते दुसऱ्यासाठी असं?" बाई पेढे घेऊन त्यांच्याकडे गेल्या, मी बरोबर होते. बाई म्हणाल्या, "सर, तुमचे उपकार." सरांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "मी नापास झालो, त्याचे पेढे आहेत का हे?" सर रागावले होते की थट्टा करत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता. पेढा त्यांनी खाल्ला मात्र.

पुढच्या वर्षी निराळीच अडचण झाली. बाहेर बसून प्रोफेसर मराठी शिकतो, ही गोष्ट सीमेकडच्या खेड्यांतून पसरली होती. तिकडच्या शेतकऱ्यांची मुलं मराठी घ्यायला आली. वर्ग भरला, दोन बाकं दुसऱ्या खोलीतून आणावी लागली. प्राचार्य सरांना म्हणाले, "अब आपको बैठने की ज़रूरत नहीं है." सर म्हणाले, "मी नापास आहे." आणि स्टूल खिडकीशी नेलं.

त्याही वर्षी ते नापास झाले. आता मात्र गाव गोंधळलं. पाच भरायचे नव्हते, मग कशाला नापास झाले? शेवटी लोकांनी ठरवलं की त्यांना मराठी येतच नाही. जे पहिल्या वर्षी त्यांना मोठा माणूस म्हणत होते तेच आता हसायला लागले. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात बाईंना भंडाऱ्याच्या कॉलेजात जागा मिळाली आणि त्यांचं लग्नही ठरलं. तो उन्हाळा त्यांचा इथला शेवटचा. त्या परीक्षेत सर पास झाले. बाईंच्या लग्नाला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दगड पाठवला, स्वतः गेले नाहीत.

पुढे मी वारासिवनीला शाळेत शिकवायला लागले. सर निवृत्त होऊन कुठे गेले ते कळलं नाही. सत्तर सालानंतर कधीतरी, बालाघाट स्टेशनवर छोट्या रुळांच्या गाडीची वाट बघत होते, तर बाकावर सर. पायाशी गोणपाटाची पिशवी. जुन्या घरमालकाकडे राहिलेले दगड न्यायला आले होते.

"सर, ओळखलंत का?"

"तुमसर," ते म्हणाले. "बस. गाडीला वेळ आहे."

ते मराठीत बोलत होते, आणि मराठी स्वच्छ होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, तुम्ही वर्गासाठी मुद्दाम नापास झालात, हे आम्ही कधी विसरलो नाही."

"मुद्दाम?" सर माझ्याकडे बघायला लागले. "मुद्दाम कोण नापास होतं? मला येत नव्हतं, म्हणून मी पहिल्या वर्षी नापास झालो. ते बरोबरच होतं."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

पिशवीतला एक दगड काढून त्यांनी हातात धरला.

"दुसऱ्या वर्षीचा पेपर मी चांगला लिहिला होता," ते म्हणाले. "पुष्कळ अभ्यास केला होता. एकही प्रश्न सोडला नाही. का नापास झालो, ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, दुसऱ्या प्रश्नात काही चुकलं. नदीवर निबंध होता. मी वैनगंगेवर लिहिलं. भूगोल जास्त झाला असेल. तू मराठी शिकवतेस ना? भूगोल जास्त झाला तर नापास करतात का?"

मी म्हटलं, "मला नाही वाटत, सर."

"मलाही नाही वाटत," ते म्हणाले. गाडी आली. मी पिशवीला हात लावायला गेले तर ते म्हणाले, जड आहे, राहू दे. ते जबलपूरच्या गाडीत चढले आणि मी मागाहून कटंगीच्या गाडीनं वारासिवनीला आले.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले तेव्हा बाईंकडे गेले. त्यांचे दोन मुलगे शाळेत जाणारे, सासूबाई, बाहेरच्या खोलीत यजमानांचे अशील बसलेले. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसून एक जुडी ओढून घेतली आणि सर भेटल्याचं सांगितलं. वैनगंगेच्या निबंधाचंही सांगितलं. हसत हसतच सांगितलं, गंमत म्हणून.

बाई हसल्या नाहीत.

"त्या वर्षी पेपर बाहेर गेला नव्हता," त्या म्हणाल्या. "कोणी काही बोलत नव्हतं तेव्हा. माझ्याकडेच आला."

मला आधी नीट कळलं नाही. मी विचारलं, "मग कसा होता?"

"चांगला होता."

"मग?"

बाईंनी एक एक पान खुडून ताटात टाकलं. बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं.

"वर्गात शिरले की मी आधी खिडकीकडे बघायचे," त्या म्हणाल्या. "पास झाले असते तर ते आले नसते." मग त्यांनी विचारलं, "त्यांना फार लागलं होतं का?"

"ते अजून शोधताहेत, कुठं चुकलं म्हणून."

बाहेरून कोणीतरी चहा मागितला. बाई उठल्या, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. साखर घालून झाल्यावरही त्या वळल्या नाहीत.

"तुला परत भेटले तर सांगशील?"

"काय सांगू?"

"सांग, दुसरा प्रश्न सगळ्यात चांगला लिहिला होता."

मी हो म्हटलं. त्यांचा पत्ता आम्हां दोघींपैकी कोणाकडेच नव्हता.